लेनॉक्स लुईस : हौशी रिंगणापासून निर्विवाद जगज्जेतेपदापर्यंत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेनॉक्स लुईस ब्रिटनचा मानायचा की कॅनडाचा?

दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, आणि त्याची कारकीर्द नीट समजण्यासाठी दोन्ही लक्षात ठेवावी लागतात. लुईसचा जन्म २ सप्टेंबर १९६५ रोजी लंडनच्या वेस्ट हॅम भागात जमैकन आई-वडिलांच्या पोटी झाला. बाराव्या वर्षी तो आईकडे कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातल्या किचनर या शहरात गेला. मुष्टियुद्ध तो तिथेच शिकला आणि हौशी खेळाडू म्हणून त्याने कॅनडाचेच प्रतिनिधित्व केले. व्यावसायिक झाल्यावर मात्र तो लंडनला परतला आणि ब्रिटिश मुष्टियोद्धा म्हणून लढला. त्यामुळे ऑलिम्पिकचे सुवर्णपदक कॅनडाच्या खात्यावर आहे, तर हेवीवेटचे जागतिक विजेतेपद ब्रिटनच्या.

तो मुष्टियुद्धाकडे कसा वळला?

नव्या देशातल्या शाळेत त्याच्या लंडनी उच्चारांची टिंगल होत असे आणि त्यावरून मारामाऱ्या होत. अंगातली ही रग योग्य ठिकाणी खर्ची पडावी म्हणून तो स्थानिक पोलिसांनी चालवलेल्या मुष्टियुद्ध क्लबमध्ये जाऊ लागला. तेथील प्रशिक्षक आर्नी बोम हे त्याचे पहिले गुरू. शाळेत तो बास्केटबॉल आणि फुटबॉलही चांगला खेळत असे. उंची, लांब हात आणि पायांची चपळाई हे सगळे एकाच मुलाच्या ठिकाणी असल्यामुळे बोम यांनी त्याला सुरुवातीपासून डाव्या हाताचा सरळ ठोसा, म्हणजे जॅब, आणि योग्य अंतर राखण्याची शिस्त शिकवली. पुढे एका टप्प्यावर या शिस्तीचा त्याला विसर पडला आणि त्याची किंमत मोजावी लागली. त्याविषयी खाली सविस्तर लिहिले आहे.

हौशी कारकिर्दीतील मुख्य टप्पे कोणते?

१९८३ मध्ये सांतो दोमिंगो येथे झालेल्या कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत तो विजेता ठरला. पुढच्याच वर्षी, अवघ्या अठराव्या वर्षी, तो लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला गेला. ९१ किलोंवरील सुपर हेवीवेट गटाचा ऑलिम्पिकमध्ये त्याच वर्षी प्रथम समावेश झाला होता. उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेच्या टायरेल बिग्जने त्याला हरवले आणि बिग्जनेच पुढे सुवर्णपदक मिळवले. १९८६ मध्ये एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लुईसने सुवर्णपदक पटकावले. १९८७ च्या इंडियानापोलिस येथील पॅन अमेरिकन स्पर्धेत क्यूबाच्या होर्हे लुईस गोन्झालेसकडून हरल्याने त्याला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. या प्रवासाचा शेवट १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमधील सुवर्णपदकाने झाला.

१९८४ नंतर व्यावसायिक होण्याची संधी असताना तो चार वर्षे हौशीच का राहिला?

माझ्या मते त्याच्या संपूर्ण कारकिर्दीतला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता. त्याच्या वयाची आणि देहयष्टीची हेवीवेट मुले विरळा असतात, त्यामुळे करार पुढे करणाऱ्या प्रवर्तकांची कमतरता नव्हती. ज्याच्याकडून तो हरला तो बिग्ज व्यावसायिक झाला, आणि ज्याच्यासोबत तो १९८४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल येथे जाऊन सरावाच्या लढती खेळला होता, तो माईक टायसन तर १९८६ मध्ये विसाव्या वर्षीच जगज्जेता बनला. आपल्या पिढीचे मुष्टियोद्धे पुढे निघून जात असताना मागे थांबणे सोपे नसते. लुईस थांबला, कारण ऑलिम्पिकचे अपुरे राहिलेले काम त्याला पुरे करायचे होते. त्या चार वर्षांत क्यूबा, सोव्हिएत संघ आणि पूर्व जर्मनीच्या मुरलेल्या हौशी मुष्टियोद्ध्यांशी त्याची वारंवार गाठ पडली. अठराव्या वर्षी व्यावसायिक होऊन दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध विजयांची रास लावता आली असती, पण अनोळखी प्रतिस्पर्ध्याला पहिल्या दोन मिनिटांत ओळखून त्यानुसार डाव बदलण्याची सवय त्यातून लागली नसती.

पराभव झालेल्या ठिकाणी पुन्हा जायचे आणि हिशेब चुकता करूनच पुढे सरकायचे, हा त्याचा स्वभाव इथे प्रथम दिसला. पुढच्या वीस वर्षांत तो वारंवार दिसत राहिला.

सोलच्या अंतिम लढतीत नेमके काय घडले?

अंतिम फेरीत समोर अमेरिकेचा रिडिक बो होता. उपांत्य फेरीतील पोलंडच्या प्रतिस्पर्ध्याने दुखापतीमुळे माघार घेतल्याने लुईस ताजातवाना होता. पहिल्या फेरीत बोने आक्रमक सुरुवात केली आणि काही चांगले ठोसे लगावले. दुसऱ्या फेरीत लुईसच्या उजव्या हाताचे ठोसे सलग बसू लागताच पंचांनी बो याला उभ्यानेच मोजणी दिली, म्हणजे तो खाली पडलेला नसतानाही लढत थांबवून आकडे मोजले, नंतर तीच पाळी पुन्हा आली आणि अखेर लढत थांबवण्यात आली. बो अजून पायांवर उभा होता, त्यामुळे निर्णय घाईचा झाला असे अमेरिकी गोटाला वाटले. लढत मन लावून पाहिली तर मात्र ती कोणत्या दिशेने चालली होती याविषयी शंका उरत नाही. १९३२ मध्ये होरेस ग्विन याने सुवर्णपदक जिंकल्यानंतर मुष्टियुद्धात कॅनडाला मिळालेले हे पहिलेच सुवर्ण होते.

हौशी आणि व्यावसायिक मुष्टियुद्धात असा काय फरक असतो की सुवर्णपदक विजेत्यालाही नव्याने शिकावे लागते?

त्या काळी हौशी लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असे आणि डोक्याला संरक्षक कवच घालावे लागे. व्यावसायिक जागतिक लढत बारा फेऱ्यांची असते आणि डोके उघडे असते. नऊ मिनिटांत सगळी शक्ती ओतून देणारा मुष्टियोद्धा छत्तीस मिनिटांच्या लढतीत त्याच गतीने गेला तर निम्म्यावरच गळून जातो. म्हणून श्वास राखणे, क्लिंचमध्ये, म्हणजे एकमेकांच्या मिठीत अडकलेले असताना, प्रतिस्पर्ध्यावर आपले वजन टाकून त्याला दमवणे, पोटावर ठोसे मारून त्याची उत्तरार्धातील ताकद हिरावणे या गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. हौशी लढतीत जोरदार ठोसा बसला की पंच मध्ये पडून मोजणी देतात. व्यावसायिक लढतीत मात्र झोकांड्या खाणाऱ्याला तेवढी उसंत मिळत नाही. मिठी मारून वेळ काढणे ही त्याची त्यालाच अवगत करून घ्यावी लागणारी कला आहे.

हेवीवेट गटात आणखी एक अडचण असते. वजनाला वरची मर्यादा नसल्याने पंच्याण्णव किलोंचा मुष्टियोद्धा एकशेदहा किलोंच्या मुष्टियोद्ध्यासमोर उभा राहू शकतो, आणि एकाच ठोशात अकरा फेऱ्यांची आघाडी पुसली जाऊ शकते. त्यामुळे गुणांवर पुढे असणे हे या गटात कधीच पुरेसे संरक्षण नसते.

व्यावसायिक कारकीर्द त्याने ब्रिटनमधून का सुरू केली, आणि सुरुवातीचे प्रतिस्पर्धी कोण होते?

लंडनच्या व्यवस्थापकांनी पुढे केलेल्या करारात पैसा आणि स्वातंत्र्य दोन्ही चांगले होते, शिवाय ब्रिटनला हेवीवेट जगज्जेत्याची अनेक दशकांपासून आस होती. २७ जून १९८९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये अल माल्कमला दुसऱ्या फेरीत गारद करून त्याने सुरुवात केली. ऑक्टोबर १९९० मध्ये फ्रान्सच्या जाँ शानेला हरवून तो युरोपचा विजेता झाला. मार्च १९९१ मध्ये तोवर अपराजित असलेल्या गॅरी मेसनला सातव्या फेरीत थांबवून त्याने ब्रिटिश किताबही मिळवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अटलांटात त्याची टायरेल बिग्जशी पुन्हा गाठ पडली. ज्याने लॉस एंजेलिसमध्ये त्याचा रस्ता अडवला होता, तो बिग्ज या वेळी तिसऱ्या फेरीपलीकडे टिकला नाही.

जागतिक विजेतेपद त्याला न लढता मिळाले, हे खरे आहे का?

तांत्रिकदृष्ट्या खरे आहे, पण अर्धेच. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये लुईसने डोनोव्हन रडॉकला दुसऱ्या फेरीत लोळवले. या रडॉकने टायसनविरुद्ध दोन कडव्या लढती दिल्या होत्या आणि त्याला हरवल्यामुळे लुईस डब्ल्यूबीसी या, जागतिक किताब देणाऱ्या प्रमुख संघटनांपैकी एका संघटनेच्या, विजेत्याला आव्हान देण्याचा हक्कदार बनला. दोन आठवड्यांनी रिडिक बोने एव्हँडर होलीफिल्डला हरवून निर्विवाद, म्हणजे सर्व प्रमुख संघटनांचे, विजेतेपद मिळवले. त्यानंतर लुईसशी लढण्याऐवजी बोने डिसेंबरमध्ये लंडनमध्येच पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसीचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि संघटनेने लुईसला विजेता घोषित केले. विसाव्या शतकात ब्रिटनला लाभलेला तो पहिला हेवीवेट जगज्जेता होता.

पट्टा असा हाती आल्याने लोकांनी त्याला मनापासून विजेता मानायला वेळ घेतला. टोनी टकर आणि फ्रँक ब्रुनो यांच्याविरुद्ध त्याने तो राखला. आधी कधीच खाली न पडलेल्या टकरला त्याने दोनदा खाली पाडले, तरीही ही शंका पूर्ण मिटली नाही.

सोलमध्ये हरलेल्या बोशी व्यावसायिक लढत कधीच का झाली नाही?

बोलणी झाली, पण आधी बोच्या बाजूने टाळाटाळ झाली, नंतर लुईस हरला आणि १९९६ नंतर बोची कारकीर्दच उतरणीला लागली. नव्वदच्या दशकातील हेवीवेट मुष्टियुद्धाची ही सर्वांत मोठी उणीव आहे, असे मला वाटते.

१९९४ मध्ये ऑलिव्हर मॅकॉलकडून तो कसा हरला?

२४ सप्टेंबर १९९४ रोजी वेम्बलीत दुसरी फेरी सुरू होऊन जेमतेम अर्धे मिनिट झाले होते. लुईसने उजव्या हाताचा लांब ठोसा मारण्यासाठी सगळे वजन पुढे टाकले आणि डावा हात हनुवटीपासून खाली आला. नेमक्या त्याच क्षणी मॅकॉलनेही उजवाच ठोसा मारला, तो आखूड अंतराने आधी पोहोचला आणि लुईस पाठीवर पडला. मोजणीत तो उठला, पण पाय डळमळत असल्याने पंचांनी लढत थांबवली. याला दैवाचा खेळ म्हणता येणार नाही. मॅकॉलचे प्रशिक्षक इमॅन्युएल स्टीवर्ड यांनी लुईसची हीच खोड हेरून ठेवली होती, आणि तो उजवा हात उगारतो तेव्हाच ठोसा मारण्याचा सराव त्यांनी मॅकॉलकडून करून घेतला होता.

मग स्टीवर्ड लुईसचेच प्रशिक्षक कसे झाले, आणि त्यांनी काय बदल केले?

ज्याने आपल्यातला दोष ओळखला त्याच्याकडूनच तो काढून घ्यावा, असा सरळ विचार लुईसने केला. दुखावलेला मुष्टियोद्धा सहसा पंचांना किंवा नशिबाला दोष देतो, म्हणून या निर्णयाचे मोल अधिक आहे.

डेट्रॉईटच्या क्रॉंक व्यायामशाळेत स्टीवर्ड यांनी टॉमी हर्न्ससारखे उंच आणि लांब हातांचे मुष्टियोद्धे घडवले होते. व्यावसायिक झाल्यापासून लुईस उजव्या हाताच्या प्रेमात पडला आहे आणि एका ठोशात लढत संपवण्याच्या ओढीने त्याचा तोल ढळतो आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्यांनी त्याचे पाय पुन्हा खाली आणले, म्हणजे ठोसा मारताना मागची टाच हवेत जाऊन शरीर पुढे झुकणार नाही अशी उभे राहण्याची पद्धत घडवली. जॅब पुन्हा मुख्य शस्त्र झाले. जॅबने प्रतिस्पर्ध्याची नजर झाकायची, त्याला पाऊल मागे घ्यायला लावायचे आणि मगच उजवा हात सोडायचा, तोही आखूड मार्गाने, असा क्रम बसला. साडेसहा फुटांच्या आसपास उंची आणि ८४ इंचांचा हातांचा पल्ला असणाऱ्या माणसाने एवढे केले, तर बुटक्या प्रतिस्पर्ध्याला जवळ येण्यासाठी दर वेळी किंमत मोजावी लागते. थोडक्यात, बोम यांनी किचनरमध्ये जे शिकवले होते तेच स्टीवर्ड यांनी बारा फेऱ्यांच्या मापात पुन्हा बसवले. ऑक्टोबर १९९५ मधील टॉमी मॉरिसनविरुद्धची लढत हे या नव्या लुईसचे उत्तम उदाहरण आहे. मॉरिसनचा डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, अत्यंत घातक मानला जाई, पण जॅब ओलांडून तो जवळच येऊ शकला नाही आणि सहाव्या फेरीत लढत संपली.

सगळेच इतके सुरळीत झाले नाही. मे १९९६ मध्ये न्यूयॉर्कला रे मर्सरने त्याला दहाही फेऱ्या खडतर झुंज दिली आणि लुईस निसटत्या गुणांनी जिंकला. मर्सर हाही सोलचाच सुवर्णपदक विजेता होता, फक्त खालच्या वजनगटातला. या लढतीत जॅबला जॅबने उत्तर मिळत असताना लुईसला अंगावर मार घेत झगडावे लागले. त्याच्या धैर्याविषयी शंका घेणाऱ्यांनी ही लढत पाहावी.

मॅकॉलविरुद्धच्या दुसऱ्या लढतीत काय झाले?

७ फेब्रुवारी १९९७ रोजी लास व्हेगासमध्ये रिक्त असलेल्या डब्ल्यूबीसी विजेतेपदासाठी ते पुन्हा समोरासमोर आले. चौथ्या फेरीपासून मॅकॉल मानसिकदृष्ट्या कोलमडला. तो रडू लागला, हात वर करेना, आणि पाचव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. मॅकॉल तेव्हा व्यसनाशी झगडत होता, त्यामुळे या विजयाचा जल्लोष करावासा कुणालाच वाटला नाही. लुईसला मात्र त्याचा पट्टा परत मिळाला.

होलीफिल्डविरुद्धची पहिली लढत बरोबरीत का सुटली?

१३ मार्च १९९९ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लुईसचा डब्ल्यूबीसी आणि होलीफिल्डचे डब्ल्यूबीए व आयबीएफ या इतर दोन प्रमुख संघटनांचे, असे तीनही पट्टे पणाला लागले होते. लुईसने लढतीचा बराच मोठा भाग जॅबच्या जोरावर ताब्यात ठेवला, आणि पाचव्या फेरीत तर होलीफिल्ड दोरांना टेकून ठोसे खात होता. तीन गुणलेखकांपैकी एकाने लुईसला ११६-११३ असे विजयी ठरवले, दुसऱ्याने ११५-११५ अशी बरोबरी दिली, तर तिसऱ्या गुणलेखिकेने होलीफिल्डच्या बाजूने ११५-११३ असा कौल दिला. त्यात तिने ती पाचवी फेरीही होलीफिल्डला दिली होती. निकालावर एवढा गदारोळ झाला की अधिकृत चौकशा सुरू झाल्या.

१३ नोव्हेंबर १९९९ रोजी लास व्हेगासमध्ये लढत पुन्हा झाली. या वेळी होलीफिल्ड प्रत्यक्षात अधिक चांगला लढला, पण तीनही गुणलेखकांनी लुईसला विजयी घोषित केले आणि तो निर्विवाद जगज्जेता बनला. काही महिन्यांतच न्यायालयीन वादामुळे डब्ल्यूबीएचा पट्टा त्याच्याकडून गेला. त्याच्यानंतर हेवीवेटमध्ये निर्विवाद विजेता व्हायला मे २०२४ उजाडावे लागले. तो मान मिळवणारा युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक हाही ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेताच आहे.

हसीम रहमानकडून झालेल्या पराभवाचे कारण काय?

तयारीतील ढिलाई हेच त्याचे कारण. लढत २२ एप्रिल २००१ रोजी दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून अधिक उंचीवर होती. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून रहमान पुष्कळ आधी तिथे जाऊन राहिला. लुईस मात्र एका चित्रपटाच्या चित्रीकरणात अडकल्याने उशिरा पोहोचला आणि वजनानेही जड होता. पाचव्या फेरीत दोरांजवळ निष्काळजीपणे उभा असताना रहमानचा उजवा ठोसा त्याच्या जबड्यावर बसला आणि तो मोजणी संपेपर्यंत उठला नाही. परतीची लढत मिळवण्यासाठी त्याला न्यायालयात जावे लागले. १७ नोव्हेंबर २००१ रोजी चौथ्या फेरीत डाव्या हुकमागोमाग उजवा ठोसा लगावून त्याने रहमानला तसेच जमिनीवर आणले.

टायसनविरुद्धचा विजय खरोखर किती मोठा मानावा?

८ जून २००२ रोजी मेम्फिसमध्ये आठव्या फेरीत मिळवलेला हा विजय लोकांच्या सर्वाधिक स्मरणात आहे, पण खेळाच्या दृष्टीने तो त्याचा सर्वोत्तम विजय नव्हे. टायसन तेव्हा पस्तीस वर्षांचा होता आणि त्याचा भरभराटीचा काळ मागे पडला होता. लढतीच्या आधी पत्रकार परिषदेतल्या झटापटीत टायसन लुईसच्या पायाला चावला होता आणि नेवाडा राज्याने त्याला परवाना नाकारल्याने लढत मेम्फिसला न्यावी लागली होती. या सगळ्या वातावरणात लुईसने राखलेला संयम मात्र दाद देण्यासारखा आहे. पहिल्या फेरीतील टायसनची मुसंडी त्याने सोसली, दुसऱ्या फेरीपासून जॅब सुरू केला आणि अंतर एकदा ताब्यात आल्यावर ते सोडले नाही.

त्याचा जबडा कच्चा होता, ही टीका योग्य आहे का?

पूर्णपणे नाही. दोन्ही पराभवांत त्याला बसलेले ठोसे नेमके आणि अनपेक्षित होते, आणि असे ठोसे कोणत्याही हेवीवेटला खाली पाडू शकतात. त्याने मर्सरचे आणि शेवटच्या लढतीतील प्रतिस्पर्धी व्हिताली क्लिच्कोचे जड ठोसे पायांवर उभे राहून पचवले. खरा दोष एकाग्रतेचा होता. प्रतिस्पर्धी आपल्या तोडीचा नाही असे वाटले की त्याची पकड सैल होई.

शेवटची लढत कोणती, आणि तो त्याच वेळी का थांबला?

२१ जून २००३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये मूळ प्रतिस्पर्धी जखमी झाल्याने ऐनवेळी क्लिच्को समोर आला. लुईस कारकिर्दीतील सर्वाधिक वजनाचा होता आणि लवकर दमला. तिसऱ्या फेरीत त्याच्या उजव्या ठोशाने क्लिच्कोच्या डाव्या डोळ्यावर खोल जखम झाली. सहा फेऱ्यांनंतर डॉक्टरांनी लढत थांबवली तेव्हा तीनही गुणपत्रिकांवर क्लिच्को ५८-५६ असा पुढे होता. पुन्हा लढावे अशी सगळ्यांची इच्छा होती, पण फेब्रुवारी २००४ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, लुईसने विजेतेपद हाती असतानाच निवृत्ती घेतली. ज्या माणसाने प्रत्येक अपुरा हिशेब पुन्हा लढून मिटवला, त्याने हा एकच तसाच ठेवला, आणि आपले शरीर आता साथ देणार नाही हे ओळखून घेतलेला तो निर्णय मला योग्य वाटतो. ४४ लढतींत ४१ विजय, त्यांतील ३२ नॉकआऊट, दोन पराभव आणि एक बरोबरी असा त्याचा व्यावसायिक ताळेबंद आहे. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध गौरव दालनात त्याचा समावेश झाला.

नव्याने पाहणाऱ्याने कोणत्या लढतींपासून सुरुवात करावी?

आधी सोलची अंतिम लढत, मग रडॉक, मग मॅकॉलविरुद्धचा पराभव आणि लगोलग मॉरिसन, म्हणजे स्टीवर्ड यांच्या हातचा फरक डोळ्यांना दिसतो. ऑक्टोबर १९९७ मधील अँड्र्यू गोलोटाविरुद्धची लढत पहिल्याच फेरीत, ९५ सेकंदांत, संपते. त्याच्या उजव्या हाताची ताकद समजायला तेवढी पुरते. कौशल्य मात्र नोव्हेंबर २००० मधील डेव्हिड तुआविरुद्धच्या बारा फेऱ्यांत पाहावे. ती लढत अनेकांना कंटाळवाणी वाटते. पाहताना ठोशांपेक्षा लुईसच्या पुढच्या पावलाकडे लक्ष ठेवावे. तुआ आपला भयंकर डावा हुक मारण्यासाठी जेव्हा जेव्हा वजन सरकवतो, तेव्हा ते पाऊल आधीच बाजूला गेलेले असते आणि तुआच्या चेहऱ्यावर पुढचा जॅब येऊन पोहोचलेला असतो.